मोकळ्या जागी पडू दे

आमच्या घरमालकांच्या दारात पायपुसणं नव्हतं, तांब्याची पट्टी होती. चौकटीला, छातीच्या उंचीवर, पितळेच्या स्क्रूंनी बसवलेली. तिच्या मागून एक जाड तार निघून जमिनीत गेली होती. घरात शिरणाऱ्यानं आधी त्या पट्टीला तळहात लावायचा आणि मगच उंबरा ओलांडायचा. दूधवाला असो, गॅसवाला असो, नाहीतर मतं मागायला आलेला नगरसेवक असो, सूट कुणालाच नाही. मी खोली बघायला गेले तेव्हा सरळ आत पाऊल टाकलं, तर आतून आवाज आला, "हात!"

मी दचकून थांबले. म्हटलं, झालं, इथेही काहीतरी थोतांड आहे. मी फिजिक्स शिकवते, मला थोतांडाचा भयंकर राग येतो. पण बनियन-पायजम्यातले एक काटकुळे गृहस्थ बाहेर आले आणि अगदी शांतपणे म्हणाले, "मॅडम, अंगातली बिजली इथं सोडायची आन् मंग अंदर यायचं. आमच्या सेक्शनमध्ये ज्यानं हे नाही केलं, थो घरी नाही गेला. त्याची चप्पल गेली."

अंगावरची स्थिर वीज जमिनीत सोडायची, हे तर मीच पोरांना शिकवत होते. फक्त घराच्या दारात कुणी तशी सोय केलेली पाहिली नव्हती, एवढंच. मुकाट्यानं हात लावला.

मी तेव्हा नवऱ्याचं घर सोडून आले होते. जबलपूरच्या नेपियर टाउनमधल्या एका कोचिंगमध्ये दिवसभर घसा फोडायचा आणि संध्याकाळी स्कूटरवरून रांझीला यायचं, असं आयुष्य होतं. त्याआधी सिविल लाइंसपासून गोहलपूरपर्यंत पाच घरमालकांनी "फॅमिली को ही देते हैं जी" म्हणून माझ्या तोंडावर दार लावलं होतं. या काकांनी नवऱ्याबद्दल काही विचारलं नाही. एकच विचारलं, "काडीपेटी जवळ हाय का?"

काकांची सगळी नोकरी तोफगोळ्यांच्या फॅक्टरीत गेली, आणि त्यातही फ्यूज तपासण्यात. फ्यूज म्हणजे गोळ्याच्या नाकावर बसवतात तो भाग, गोळा केव्हा फुटायचा हे ठरवणारा. "बारूद तं गाढव असते मॅडम," ते म्हणत. "अक्कल फ्यूजमध्ये असते. आपण अक्कल तपासत होतो." रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण फॅक्टरी काही त्यांच्यातून रिटायर झाली नाही. त्यांच्या शर्टाला खिसा नसे, कारण खिसा आला की त्यात विसरलेली काडी आली. ठिणगी नको म्हणून हातोडी लाकडाची आणि स्क्रूड्रायव्हर पितळेचा. पाहुण्यांच्या काडीपेट्या दारात काढून घेत आणि जाताना ज्याची त्याला परत देत. काकू आपली काडीपेटी तांदळाच्या डब्यात लपवून ठेवत आणि देवाघरी जाईपर्यंत ही चोरी पकडली जाणार नाही अशी त्यांना खात्री होती. काकांना ती पहिल्या दिवसापासून माहीत होती.

आणि धावायचं नाही. हा त्या घरातला सगळ्यात कडक कायदा होता. कुकरची चौथी शिट्टी होऊ दे, दारात पोस्टमन ताटकळू दे, गच्चीवर कपडे भिजू देत, घरात कुणी धावलेलं काकांना खपत नसे. "धावते थो पडते, आन् पडते थो चार जनांले घेऊन जाते." मी एकदा फोन उचलायला पळाले तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मीही बोलले नाही, मी काही कमी नाही.

त्यांचा मुलगा प्रशील वर्षभरापूर्वी परदेशी गेला होता. एका एजन्सीमार्फत इथली बरीच माणसं त्या देशात कामाला गेली, त्यांत तोही होता. काका त्या देशाला नुसतं "तिकडे" म्हणत. पोरगा तिकडे मोठ्या शहरात आहे, चौथ्या मजल्यावर राहतो, एका कारखान्यात मशीनची देखभाल करतो, हे त्यांनी गल्लीत प्रत्येकाला दोन-दोनदा सांगितलं होतं. मशीन या शब्दावर जोर. त्याचं कारण मला काकूंनी सांगितलं. काकांचे वडील नागपूरजवळ काटोलकडचे, दुसऱ्याच्या संत्र्याच्या बागेत मजूर. आयुष्यभर मुकादमाच्या शिव्या खाल्ल्या. मग काकांना जबलपूरच्या फॅक्टरीत नोकरी लागली आणि ते कुटुंब तिथून सुटलं. "आमच्या घरातलं मानूस आता दुसऱ्याच्या बागेत नाही जानार," हे काका जय भीम म्हणण्याइतक्या सहज म्हणत.

आणि मग तिकडे रॉकेटं पडायला लागली.

टीव्हीवर तेच ते. अंधारं आकाश, खालून वर जाणारे उजेडाचे ठिपके, वर एक भडका, आणि खाली भोंग्यांचा आवाज. काकूंनी दोन दिवस अन्न सोडलं. तिसऱ्या दिवशी दुपारी काका आम्हा दोघींना गच्चीवर घेऊन गेले. तिथे काकूंचे उडदाचे पापड वाळत होते. शेजारच्या आवारातला आंबा गच्चीवर झुकलेला होता आणि वाऱ्यानं, माकडांनी कैऱ्या टपाटप पडायच्या. पापड राखायला काका तिथे रोजच झेला घेऊन बसत. झेला म्हणजे लांब काठीच्या टोकाला जाळी, आंबे उतरवायची.

"पाहा आता," ते म्हणाले. वर माकड हललं, दोन कैऱ्या सुटल्या. काका जागचे उठले नाहीत. त्या पाण्याच्या टाकीपलीकडे पडल्या. तिसरी सुटली, तर काठी उचलून पापडांच्या हातभर वर अलगद झेलली.

"त्या दोन काहून नाही झेलल्या?" काकूंनी विचारलं.

"पापडावर नव्हत्या येत. तिकडची मशीन असंच करते. रडार पाहते का रॉकेट कुठून सुटलं, कसं चढून राहिलं. कंप्युटर घडीभरात हिशेब करते का हे कुठं पडनार. वस्तीवर पडनार असंन, तं आपलं रॉकेट वर सोडायचं आन् रस्त्यातच फोडायचं. वावरात, माळावर पडनार असंन तं सोडून द्यायचं. मोकळ्या जागी पडू दे! आपलं एक-एक रॉकेट लई महागाचं, गिनतीचं. उगाच नाही उडवायचं."

मग त्यांचा आवडता भाग आला. आपलं रॉकेट समोरच्याला टक्कर मारत नाही, अगदी जवळून जाताना त्याचा फ्यूज ओळखतो की आता, आणि ते तिथेच फुटतं. सांगताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "अक्कल, मॅडम! हे फ्यूजचं काम होय." ते यंत्र काही त्यांनी बनवलं नव्हतं, त्यांच्या फॅक्टरीशी त्याचा काडीचा संबंध नव्हता, पण कौतुक असं की घरच्या सुनेनं केलंय.

त्याच आठवड्यात प्रशीलचा फोन आला. एजन्सी परत येणाऱ्यांसाठी विमान करत होती. मी त्या वेळी तिथेच भाजी निवडत बसले होते. तो विचारत होता, "बाबा, येऊ का?"

"काहून येतो?" काका म्हणाले. "तू शहरात हायेस. शहरावर छत्री हाय. येईन ते वरच फोडते. कामधाम सोडून पळून येनं बरं दिसते का?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "काय मॅडम, बराबर बोलून राहिलो ना?"

मी मान डोलावली. फिजिक्सची बाई ना मी! हिशेबात चूक नव्हतीच कुठे. काकू दोन घास जेवल्या त्या दिवशी, आणि आपण पुण्याचं काम केलं असं मला वाटलं.

तेव्हापासून "मोकळ्या जागी पडू दे" हा त्या घराचा मंत्रच झाला. काकू टोमणा मारत, काका वर बघून म्हणत, "टाकीपलीकडे पडलं." वीजबिल चुकीचं आलं, मी तणतणत होते, तर म्हणाले, "हे वस्तीवर येऊन राहिलं, हे झेलू. पन त्या क्लर्कनं तुमाले काय म्हनलं, ते मोकळ्या जागी पडू द्या." मला हे पटायचं नाही. मी प्रत्येक कैरी झेलणाऱ्यांतली. समोरचे वकीलसाहेब येता-जाता काकांना टोचून बोलायचे, "आप लोगों का तो क्या है, कोटे में नौकरी, कोटे में मकान." काका हसून पुढे जायचे. माझं रक्त उकळायचं. मी म्हणायचे, काका, द्या ना एकदा ठेवून! तर म्हणायचे, "तिथं कोनी राहत नाही मॅडम. पडू द्या."

पण त्यांनी झेललेलं मी एकदाच पाहिलं. कोचिंगची परीक्षा होती, मला उशीर झाला, एका सहकाऱ्यानं गाडीवरून सोडलं. दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या नळावर चार माणसांत वकीलसाहेब म्हणाले, "भाईसाहब, आपकी किरायेदारनी के यहाँ आजकल कौन-कौन आता है?" काका बादली भरत होते. त्यांनी नळ बंद केला, अगदी सावकाश, आणि चालत त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. आवाज चढवला नाही. "वकीलसाहब, वो हमारे घर में रहती हैं. हमारे घर के बारे में जो पूछना है, हमसे पूछिए. पूछिए अब." काका उभेच. शेवटी वकीलसाहेब "अरे हम तो ऐसे ही" म्हणत निघून गेले. मी खिडकीतून सगळं ऐकलं. ते परत आले, पट्टीला हात लावला आणि मला पाहून नुसतं म्हणाले, "वस्तीवर येत होतं."

काय सांगू, माझ्या बापानं माझ्यासाठी एवढं केलं नव्हतं.

एका रविवारी सकाळी प्रशीलचा व्हिडिओ कॉल आला. एरवी तो खोलीत, भिंतीला टेकून बोलायचा. त्या दिवशी घाईत होता, बाहेरून बोलत होता. बोलता बोलता फोन त्याच्या हातात जरा फिरला आणि काकू ओरडल्या, "अवं माय! संत्री!"

मागे झाडच्या झाड लगडलेलं होतं. रांगच्या रांग. काकूंना काय आनंद झाला! "फिरव, फिरव फोन! आपल्या काटोलसारखी हायेत का रे? गोड हायेत का? साल सुटी हाय का चिकटलेली?" मीही डोकावले. नागपुरी माणसाला परमुलखात संत्रं दिसलं की काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. आम्ही दोघी त्याला झाड दाखवायला लावत होतो, फांदी खाली कर म्हणत होतो. तो ओशाळून हसत होता. त्याच्या खांद्यावर एक मोठी कापडी थैली तिरकी अडकवलेली होती, पोटाशी फुगलेली.

काका उठून आतल्या खोलीत गेले.

मला वाटलं, लागलं असणार. मशीन-मशीन म्हणून मिरवलं आणि पोरगा निघाला बागेत मजूर, आजासारखाच. आता चिडतील, अबोला धरतील. दुपारी मी चहा घेऊन गेले तर ते भिंतीवरच्या नकाशासमोर उभे होते. तिकडचा नकाशा त्यांनी जुन्या ग्राफ पेपरवर स्वतः काढलेला, प्रशीलच्या शहराभोवती लाल पेन्सिलीनं गोल.

"काका, जाऊ द्या हो," मी म्हटलं. "काम ते काम. त्यात काय लाजायचं?"

त्यांनी वळून पाहिलं.

"लाजेचं मागून पाहू, पोरी," ते म्हणाले. मला ते पहिल्यांदाच पोरी म्हणाले. "संत्र्याची बाग वस्तीत नसते."

मला कळायला एक क्षण लागला. मग कळलं. आमच्या हिशेबात चूक नव्हतीच. रॉकेट येणार, कंप्युटर बघणार की हे बागेत पडतंय, आणि सोडून देणार. बरोबर हिशेब करून सोडून देणार.

"मी त्याले म्हनलं थांब," काका म्हणाले. "तो येतो म्हनत होता. मी म्हनलं, काहून येतो." ते पुन्हा पुन्हा तेवढंच म्हणत राहिले. मग लाल गोलाबाहेरच्या पांढऱ्या कागदावर बोट ठेवून म्हणाले, "मी याले मोकळी जागा म्हनत होतो. बापाचा जनम असल्या जागेत गेला माझ्या, आन् मी मोकळी म्हनत होतो. कुनाचं ना कुनाचं पोरगं तिथं असतेच."

संध्याकाळी त्यांनी प्रशीलला फोन लावला. रागावले नाहीत. म्हणाले, "मले सगळं खरं सांग आन् जल्दी ये." खरं सगळं बाहेर आलं. शहर, चौथा मजला, मशीन, काही नव्हतं. पहिल्या दिवसापासून बाग होती, आणि बागेच्या कडेला पत्र्याची खोली. "तुमाले वाईट वाटंन म्हनून," तो म्हणाला. यायचं म्हटलं तर विमान निघून गेलं होतं, पुढचं कधी ते एजन्सीला माहीत नव्हतं, यादीत नाव लावून वाट बघायची. तोवर काम चालू. भोंगा गावात वाजतो, बागेपर्यंत पुसट येतो, आणि त्यानंतर हातात साधारण पंधरा सेकंद. बागेच्या तोंडाशी काँक्रीटचा एक मोठा पाइप ठेवलाय, त्यात शिरायचं.

"शेवटच्या रांगेपासून पाइप किती पावलं?"

"मोजली नाहीत बाबा."

"उद्या मोज."

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, एकशे चाळीस. काकांनी आमच्या दारापासून पावलं मोजली. एकशे चाळीस बरोबर गल्लीतल्या हँडपंपाशी भरली. माझ्या हातात त्यांनी आपलं फॅक्टरीतलं जुनं स्टॉपवॉच दिलं, पायजमा वर खोचला, आणि ज्या माणसानं जन्मात कुणाला धावू दिलं नव्हतं तो माणूस भर दुपारी चार वाजता रांझीच्या गल्लीत धावत सुटला. गुडघा दुखरा, बनियन भिजलेलं, एक चप्पल वाटेतच राहिली. बायका दारात आल्या. वकीलसाहेब फाटकातून म्हणाले, "क्या भाईसाहब, ओलंपिक में जा रहे हैं?" कुणीतरी हसलं. काका हँडपंपाला धरून धापा टाकत उभे होते. "किती?" त्यांनी मला विचारलं. मी आकडा सांगितला नाही. तो सांगण्यासारखा नव्हताच.

"मी म्हातारा हावो," ते म्हणाले. "तुम्ही धावा."

"मी?"

"थैली घेऊन. त्याच्या अंगावर थैली असते."

तर मी, बारावीच्या पोरांना जिची जरब, ती मी, खांद्यावर दहा किलो बटाट्यांची थैली अडकवून गल्लीत उभी राहिले. दारात काकू रडत होत्या. वकीलसाहेबांनी त्यांना विचारलं असावं, कारण ते फाटक उघडून बाहेर आले, काकांच्या हातातलं स्टॉपवॉच बघून घुटमळले आणि म्हणाले, "लाइए, घड़ी हम पकड़ते हैं. आप उधर खड़े होकर देखिए." काकांनी एक क्षण त्यांच्याकडे पाहिलं आणि घड्याळ दिलं.

पहिल्यांदा थैलीसकट धावले, अर्ध्या वाटेत दम संपला. दुसऱ्यांदा काका म्हणाले, थैली टाकून धावा. भोंग्याच्या जागी वकीलसाहेब "हाँ!" ओरडले, मी पट्टा डोक्यावरून काढला, थैली खाली ठेवली आणि पळाले. तरीही कितीतरी उशीर.

काका माझ्यामागे आलेच नव्हते. ते थैलीपाशी उभे होते.

"तुम्ही थैली ठेवली," ते म्हणाले.

"मग? तुम्हीच म्हणालात ना!"

"टाका म्हनलं. तुम्ही टेकवून ठेवली. भिंतीले लावून."

खरंच की! बटाटे होते, त्यांना काय होणार होतं? पण हाताला सवय. काका त्या थैलीपुढे उकिडवे बसले. "माझा बाप असंच करे," ते म्हणाले. "झाडावरून पडला एकदा, तरी थैली पोटाशी धरून पडला. संत्रं दबलं का मुकादम आईमाईवरून शिव्या दे. मोडला तो बाप, संत्री शाबूत." मग मान वर करून म्हणाले, "प्रशील बी टेकवूनच ठेवंन. त्याचा हात बी तसाच असंन. तेवढ्यात तं..."



त्या संध्याकाळी फोनवर त्यांनी त्याला धडा दिला. तसा धडा मी आजवर कुठल्या वर्गात दिलेला नाही. "आवाज आला का पहिले थैली फेकजो. ठेवू नको, फेक. पाइप चाळीस पावलांच्या अंदर असंन तं धाव. नाहीतर धावू नको, पान्याच्या चारीत पालथा पड, तोंड मातीत, हात डोक्यावर. वर फुटलं म्हनून उठून पाहू नको, तुकडे खालीच येते. आता तू सांग."

"थैली फेकायची," तिकडून आवाज आला. "पण बाबा, मुकादम..."

"शिव्या खाजो. आजा बी खात होता. पुन्हा सांग."

रोज फोन, रोज तोच पाढा. कधी पोरगा वैतागायचा, कधी हसायचा. काका हसत नसत. "थैली काय करशील?" "फेकीन." "हां."

आणि मग दोन दिवस फोन आला नाही.

टीव्हीवर सांगत होते की बहुतेक सगळी रॉकेटं वरच पाडली, उरलेली निर्जन भागात पडली, वस्तीला धोका नाही. काकांनी उठून टीव्ही बंद केला. ते दोन दिवस दारात, तांब्याच्या पट्टीशेजारी स्टुलावर बसून होते. मी क्लासला गेले नाही. काकूंनी तांदळाच्या डब्यातली काडीपेटी काढून सगळ्यांदेखत गॅस पेटवला, आणि काकांनी पाहूनही काही म्हटलं नाही. वकीलसाहेबांच्या घरून डबा आला. काका जेवले नाहीत, पण डबा परतही पाठवला नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. नंबर अनोळखी, आवाज प्रशीलच्या बागेतल्या एका सोबत्याचा. प्रशील दवाखान्यात आहे, जिवंत आहे, पाठीला लागलंय, डाव्या कानाचा पडदा गेलाय. रॉकेट एका रांगेपलीकडे पडलं. काकूंनी माझ्या गळ्यात पडून हंबरडा फोडला. काकांनी फोन माझ्या हातात दिला आणि पट्टीला तळहात लावून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

तो आला त्याला आणखी महिना लागला. सकाळची वेळ होती. ऑटो गल्लीत वळला तशा बायका दारात आल्या, वकीलसाहेबही आले. काकू पुढे पळाल्या आणि कुणी त्यांना अडवलं नाही. काका मात्र उंबऱ्याच्या आत उभे होते, हात मागे बांधून. मी त्यांच्या शेजारीच होते.

प्रशील वाळला होता. दारापर्यंत आला आणि सवयीनं पट्टीवर हात ठेवून थांबला. काका नेहमी "हां, आता ये" म्हणत. त्या दिवशी ते राहून गेलं. म्हणून तो तसाच उभा, हात पट्टीवर, बापाकडे बघत. मग कमी ऐकू येणारी माणसं बोलतात तसा मोठ्यानं, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा बोलला.

"बाबा, थैली फेकली मी. सगळी संत्री दबली."

काकांनी त्याचा हात पट्टीवरून काढून आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"दबू दे," ते म्हणाले.